चावीची संगीतपेटी ऐकली की गळा का दाटतो?

तारषड्ज (धागाकर्ती)

जुन्या यांत्रिक संगीतपेट्यांवर इथे काही लिहिलं गेलंय का म्हणून शोधलं, काहीच सापडलं नाही. म्हणून हा धागा. मी म्हणतेय त्या एकोणिसाव्या शतकातल्या पेट्या. पितळी नळकांडं, त्यावर केसासारख्या बारीक पोलादी पिना, आणि समोर पोलादी फणी. चावी दिली की नळकांडं फिरतं, पिन फणीचा एक दात उचलते आणि सोडून देते, सूर उमटतो. वाजवणारा नाही, गाणारा नाही, शब्द नाहीत. तरीही लाकडी झाकण उघडून धून सुरू झाली की खोलीतली बोलणी आपोआप थांबतात आणि कुणाचे तरी डोळे भरून येतात. ज्यांनी ती धून आयुष्यात कधी ऐकलेली नाही त्यांचेसुद्धा.

हे असं का होतं यावर मी बराच विचार केलाय. माझं मत आधी मांडते, मग तुम्ही बोला.

ही पेटी म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे, आणि मला वाटतं सगळं मर्म त्यात आहे. तबकडीवर आपण ऐकतो ते पूर्वी कधीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत घडून गेलेलं गाणं. पेटीतला सूर मात्र आत्ता जन्मतो, आपल्यासमोर. १८६० साली जो दात थरथरला होता तोच आज थरथरतो, तेवढाच उचलला जाऊन, त्याच पिनेनं. तेव्हा ऐकणारं कुणीही आज नाही. मधल्या काळात ती किती घरांतून फिरली असेल कोण जाणे. पण वाजणारं पोलाद तेच आहे. गेलेल्या माणसाने ऐकलेला आवाज, त्याची नक्कल नव्हे, तोच आवाज आपल्या कानावर पडतो. असं दुसरं काय आहे आपल्याजवळ?

सुरुवात १७९६ सालची मानतात. जिनिव्हातले घड्याळजी आंत्वान फाव्र यांनी तिथल्या कलासंस्थेपुढे एक युक्ती मांडली : घंटा आणि हातोड्या वगळून, नुसत्या सुरात लावलेल्या पोलादी पट्ट्यांवर घड्याळात संगीत वाजवायचं. तोवर घड्याळात घंटा बसवायच्या म्हणजे जागा खूप लागायची. पट्ट्या आल्या आणि संगीत खिशातल्या घड्याळात, तपकिरीच्या डबीत, अंगठीतसुद्धा मावू लागलं. माझ्या मते हा आकारही भावनेचा एक भाग आहे. हे संगीत सभागृहासाठी नव्हतंच. एका माणसाने एका माणसाला द्यायची, तळहातावर धरून ऐकायची वस्तू होती ती.

---

कानसेन

सुंदर धागा. पण मुख्य मुद्द्याशी असहमत, तारषड्जताई.

तुम्ही सगळं श्रेय त्या पोलादाला देताय. मी ते ऐकणाऱ्याच्या आठवणीला देईन. याला फार जुना आधार आहे, आणि योगायोग असा की तोही स्वित्झर्लंडचाच. १६८८ साली योहान्नेस होफर या तरुण वैद्याने बाझल इथे घराच्या ओढीवर प्रबंध लिहिला. घरापासून दूर राहणारे स्विस लोक त्या ओढीने आजारी पडतात, खंगतात, आणि घरी परत पाठवलं की बरे होतात, असं त्याचं निरीक्षण. पुढे यात गुराख्यांच्या एका धुनेचा उल्लेख येऊ लागला. परदेशी सैन्यात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांनी ती ऐकली की ते रडत, पळून जात.

ज्याँ-जाक रूसोने १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात हीच गोष्ट घेतली आहे आणि त्यावर फार मोलाचं म्हटलंय. परक्या माणसाला त्या धुनेत काहीच विशेष वाटत नाही, म्हणजे परिणाम सुरांचा नाही. सवयीमुळे, आठवणींमुळे ती धून एक खूण बनते, आणि ती खूण काम करते. हा रूसो जिनिव्हाचा, घड्याळजीचा मुलगा. फाव्रच्या आधीच्या पिढीतला, त्याच गावचा.

म्हणून मला वाटतं पेटीसुद्धा अशीच खूण आहे. बालपणी पाळण्यावर टांगलेलं चावीचं खेळणं, कुणीतरी उशाशी ठेवलेली डबी, हे आवाज फार लहानपणी कानात शिरतात. पुढे तसा कुठलाही आवाज आला की मन तिकडे जातं. पेटी १८६०ची असो की परवाची, फरक पडू नये.

---

उत्तररात्र

कानसेन, पण मग ज्यांच्या बालपणात असं काहीच नव्हतं त्यांचं काय? मी पहिली संगीतपेटी ऐकली ती चांगला मोठा झाल्यावर, एका संग्रहालयात, आणि पुढच्या दालनात जायला पायच निघेना.

मला वाटतं थोडं उत्तर ध्वनीतच आहे. फणीचा दात म्हणजे एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. तारेचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ पटीत येतात. अशा पट्टीचं तसं नसतं. तिचा पहिला वरचा स्वर मूळ कंपनाच्या साधारण ६.२७ पट असतो, त्याच्या पुढचा साडेसतरा पटीच्या आसपास. सरळ पट कुठेच नाही. त्यामुळे सूर सुटताना एक काचेरी, घंटेच्या जवळची चमक ऐकू येते. हे वरचे स्वर भराभर विरतात आणि मागे एकटा, जवळजवळ निर्भेळ मूळ स्वर उरतो. प्रत्येक सुरात हे पुन्हा घडतं : आधी चमक, मग एकटेपणा.

दुसरं म्हणजे पेटीतला सूर कधीच वाढत नाही. गाणारा आवाज भरू शकतो, गजाचं वाद्य सूर फुलवू शकतं. इथे दात सुटला की सूर विझायलाच लागतो. त्याला कुणी धरून ठेवू शकत नाही. अख्खी धून अशा निसटत्या सुरांचीच बनलेली असते. हे ऐकून मन हळवं व्हायला बालपणातली खूण लागत नाही असं मला ठामपणे वाटतं.

शिवाय चावी संपत आल्यावर लय मंदावते, शेवटचे दोन-तीन सूर अडखळत येतात, एखादा अर्ध्यातच राहतो. तिथे तर कुणाचंही मन हलेल.

---

दातेरी चक्र

मी घड्याळं आणि संगीतपेट्या दुरुस्त करतो, म्हणून लिहायचं धाडस करतोय. उत्तररात्र, ध्वनीबद्दलचं तुमचं लिहिणं मनापासून पटलं. शेवटच्या परिच्छेदात मात्र थोडी दुरुस्ती सुचवतो, कारण हा समज सगळीकडे पसरलाय.

अडखळत संपणारी धून ही जुन्या चांगल्या पेटीची खूण नाही. ती लहान, स्वस्त, बहुधा अठरा दातांच्या नव्या यंत्रांची आहे, जी दागिन्यांच्या डब्यांत आणि खेळण्यांत असतात. जुन्या पेटीत स्प्रिंगच्या डब्यावर एक अटकाव बसवलेला असतो. स्प्रिंग अगदी आवळली जाऊ नये आणि पूर्ण सैलही पडू नये, फक्त मधला, सारख्या जोराचा भाग वापरला जावा यासाठी. दुसऱ्या टोकाला वेग आवरणारा पंखा असतो. शेवटच्या चाकातून निघालेला एक मळसूत्री दांडा, त्यावर दोन पात्यांचा इवलासा पंखा. तो हवेत गरगर फिरतो आणि हवेचा विरोध सगळ्या यंत्राला लगाम घालतो. वर धून संपली की नळकांड्याच्या चाकातल्या खाचेत एक तरफ पडते आणि पेटी बरोबर तिथेच थांबते. म्हणजे कारागिरांनी जिवाचा आटापिटा केला तो धून मरताना ऐकू येऊ नये म्हणून. धून नेहमी पूर्ण व्हावी हा त्यांचा आग्रह होता.

मला स्वतःला हळवं करतं ते वेगळंच. एका नळकांड्यावर सहा, आठ, कधी बारा धुना असतात. त्या एकापुढे एक नसतात, एकमेकींत मिसळलेल्या असतात. एका दाताच्या वाट्याला जेवढी जागा येते तेवढ्यातच सहा वेगळ्या रांगा. एक फेरी झाली, म्हणजे साधारण मिनिटभरात एक धून संपली, की नळकांडं केसभर बाजूला सरकतं आणि दातांची टोकं दुसऱ्या रांगेवर येतात. म्हणजे एक धून वाजत असताना बाकी पाच धुनांच्या पिना दातांच्या फटीतून नि:शब्द जात असतात. भिंग लावून हे पाहिलंत तर विसरणार नाही.

आता त्या पिनांबद्दल. मोठ्या पेटीत त्या काही हजार असतात. आधी पितळेच्या नळकांड्यावर जागा टोचून घ्यायच्या, मग भोकं पाडायची, मग एकेक पिन हातानं बसवायची. नंतर आत वितळवलेलं राळेचं मिश्रण ओतून नळकांडं फिरवायचं, म्हणजे ते आतल्या बाजूला सगळीकडे बसतं आणि पिना धरून ठेवतं. शेवटी सगळ्या पिना एका उंचीला घासायच्या. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात सेंट-क्रोआ आणि आसपासच्या गावांत हे पिना बसवायचं काम मुख्यतः बायका करत, बऱ्याचदा घरीच. पेटीवर नाव असतं ते कारखानदाराचं. पिना बसवणारीचं नाव कुठेच नसतं.

तारषड्जताई म्हणतात की तोच आवाज आपण ऐकतो. मी त्यात एवढंच घालीन की तो एका बाईच्या हाताचा नेम आहे. एखादी पिन जराशी मागे बसली असेल तर तो सूर जरासा उशिरा येतो, आणि दीडशे वर्षं तो दर वेळी तेवढाच उशिरा येतोय.

---

सांजवात

"दीडशे वर्षं तो दर वेळी तेवढाच उशिरा येतोय" हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. वाचतेय, अजून लिहा.

---

कानसेन

दातेरी चक्र, प्रतिसादाबद्दल आभार. माझं मत थोडं हललं हे मान्य करतो. पण एक प्रश्न. तुम्ही जे सांगितलंत ते कळल्यावर ऐकणं आणि न कळता ऐकणं यांत फरक आहे ना? संग्रहालयातल्या उत्तररात्र यांना पिना कुणी बसवल्या हे ठाऊक नव्हतं. मग त्यांना जे झालं ते त्या नेमामुळे कसं?

---

उत्तररात्र

ठाऊक नव्हतं, खरं आहे. पण काहीतरी कानाला जाणवत होतंच. संगणकावर बनवलेला संगीतपेटीचा आवाज आता कुठल्याही गाण्यात घालता येतो. स्वर हुबेहूब, पण दर सूर काट्यावर, आणि सगळे सारख्या जोराचे. तो मला गोड वाटतो, त्यापलीकडे काही होत नाही. खऱ्या पेटीत सूर एकाच जोराचे नसतात. दात वेगवेगळ्या जाडीचे, काही पिना झिजलेल्या, आणि खालचा लाकडी तळ प्रत्येक सुराला वेगळी साथ देतो. आधी कळावं लागतं असं नाही. कान आधी ऐकतो, कारण मागाहून कळतं.

---

निळी शाई

मी इथे नवीन आहे, चूकभूल द्यावी. हा धागा वाचून धीर आला म्हणून विचारते.

माझ्या आत्याकडे अशी एक पेटी होती, आता माझ्याकडे आली आहे. झाकणावर वेलबुट्टीचं जडावकाम, आत काचेचं दुसरं झाकण, आणि बाहेरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला धुनांची यादी चिकटवलेली. सुंदर वळणदार हस्ताक्षर, शाई तपकिरी पडलेली. सहा ओळी आहेत, त्यातली तिसरी पुसट झालीय, वाचता येत नाही.

आत्या ही पेटी फार क्वचित लावायची. आम्ही मुलं भोवती बसायचो. तिसरी धून सुरू झाली की ती उठून आतल्या खोलीत जायची आणि चौथी लागल्यावर परत यायची. मधे कधीच पेटी बंद केली नाही, आम्हालाही करू दिली नाही. का ते कुणी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. मोठं झाल्यावर कळतं की विचारायला हवं होतं असं नाही. काही गोष्टी तिच्या तिच्याजवळ राहिल्या हेच बरं.

सध्या पेटी एका धुनेच्या मध्येच अडकली आहे. चावीचा दांडा जड लागतो, म्हणजे स्प्रिंग भरलेली असावी. एक ओळखीचे म्हणाले पंखा काढून साफ केला की सुरू होईल. करू का?

---

दातेरी चक्र

नका करू! कृपया पंख्याला हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. पेटी हलवूही नका.

स्प्रिंग भरलेली असताना पंखा काढला तर तिला आवरणारं काहीच उरत नाही. सगळा साठलेला जोर एका क्षणात सुटतो, नळकांडं भयंकर वेगाने फिरतं, पिना वाकतात किंवा तुटतात आणि फणीचे दात एकामागून एक मोडतात. मी अशा पेट्या पाहिल्यात. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू दोन-तीन सेकंदांत संपते. या पेट्यांचं सर्वाधिक नुकसान वापराने झालेलं नाही, असंच झालेलं आहे.

धून अर्ध्यात थांबलेली असली की काही पिना दातांना अडकून त्यांना उचलून धरतात. तशात पेटी नेताना धक्का बसला तरी दात मोडू शकतो. म्हणून आधी जाणत्या माणसाने पेटीजवळ येऊन स्प्रिंग हळूहळू सोडवायची, मगच बाकी सगळं. तेल तर बिलकूल नको. फणीला आणि पिनांना तेल लावायचंच नसतं.

अजून एक. धून अर्ध्यात कधी थांबवू नये हा या पेट्यांचा पहिला नियम, आणि तुमच्या आत्यांना तो ठाऊक होता असं दिसतंय. म्हणूनच पेटी बंद न करता त्या स्वतः उठून जात असणार.

---

निळी शाई

हे शेवटचं वाचून मी काही वेळ लिहूच शकले नाही. धन्यवाद, दादा. पेटी आहे तिथेच ठेवली आहे, वर कापड घातलंय. जाणत्या माणसाचा शोध सुरू करते.

---

गुंजारव

फार चांगली चर्चा चालू आहे. संगीताच्या बाजूने थोडं घालते.

पिना लावलेल्या नळकांड्यावर संगीत साठवायची कल्पना फाव्रच्या खूप आधीची. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचं वर्णन केलंय, त्यात असंच फिरणारं नळकांडं आहे. अठराव्या शतकात घड्याळांत छोटे नळ्यांचे ऑर्गन बसवत. हायडनने अशा घड्याळांसाठी संगीत लिहिलं, आणि ती घड्याळं बनवली एस्टरहाझी राजघराण्याच्या ग्रंथपालाने, प्रिमितिव्हुस निमेत्स या धर्मगुरूने. १७९२ आणि १७९३ सालची त्यांची घड्याळं टिकली आहेत. ध्वनिमुद्रण यायच्या शतकभर आधी लोक सुरांची अलंकरणं नेमकी कशी घेत, कंप कुठे सुरू करत, टोकाचा सूर किती आखूड सोडत, हे कागदावरच्या स्वरलिपीत कळत नाही. पिनांमध्ये कळतं. अभ्यासकांसाठी तो खजिना आहे.

मला इथे भावना आणि पुरावा वेगळे वाटतच नाहीत. आज कुणालाच आठवत नसलेल्या कितीतरी धुना या पेट्यांत आहेत : त्या काळी गाजलेल्या संगीतिकांमधली गाणी, नाचाच्या धुना, प्रार्थना. ज्या गाण्याच्या गायकाचं नाव विस्मरणात गेलं, ती मंडळी गेली, ते नाट्यगृह गेलं, ते गाणं एका लाकडी डब्यात अजून आपल्या चालीने चालू आहे. एका मिनिटात बसवण्यासाठी कुणीतरी ते कापलं, सांधलं, उपलब्ध दातांत मांडलं. ती मांडणी करणाराही मोठा कलावंतच. एकच सूर पटापट परत हवा असेल तर एक दात पुरत नाही, कारण थरथरत्या दाताला दुसरी पिन लागली की तो खरखरतो. म्हणून एकाच स्वराचे बरेच दात शेजारी शेजारी ठेवून ते आळीपाळीने वाजवायचे. मेंडोलिनसारखा तो लांब थरथरता सूर ऐकलात की लक्षात ठेवा, तिथे एक सूर पुष्कळ दातांनी मिळून धरलेला असतो.

---

सांजवात

या सगळ्यात तबकडीच्या पेट्या कुणी आणल्याच नाहीत. माझं मन तिथे जास्त रमतं, म्हणून लिहिते.

१८८० च्या दशकात लाइपझिगमध्ये पाउल लोखमान यांच्या सिम्फोनियनने नळकांड्याऐवजी धातूची तबकडी आणली. तबकडीला खालून उठाव काढलेले, ते एका चांदणीच्या आकाराच्या चाकाला ढकलतात आणि चाक दात छेडतं. तबकडी यंत्रावर ठोकून निघायची, म्हणजे एकेक पिन बसवणं संपलं. धून बदलायची तर तबकडी बदला. पुढे पॉलिफोन आला, आणि तो काढणाऱ्यांपैकी गुस्ताव ब्राखहाउझेन अमेरिकेत गेले आणि १८९२ मध्ये त्यांनी रेजिना सुरू केली. माणसाइतक्या उंचीच्या, नाणं टाकून वाजणाऱ्या पेट्या खानावळींत, स्थानकांवर उभ्या राहिल्या. आवाजही भरदार, खोलीभर पसरणारा.

आणि मग वीसेक वर्षांत सगळं आटोपलं. एडिसनचं फोनोग्राफ १८७७ चं. ते सुधारत गेलं, ग्रामोफोन आला, आणि माणसाचा खरा आवाज ऐकू येऊ लागल्यावर पोलादी फणी कोण ऐकणार? सेंट-क्रोआमध्ये संगीतपेट्यांनी सुरुवात केलेली थोरेन्स ही कंपनी ग्रामोफोनकडे वळली. रेजिना पुढे व्हॅक्यूम क्लीनर बनवू लागली.

मला या पेट्यांबद्दल जे वाटतं त्यात याचा मोठा वाटा आहे. इतकी परिपूर्ण झालेली कला, आणि ती संपली ती तिच्यात काही उणं होतं म्हणून नाही, लोकांना आता माणूस ऐकायचा होता म्हणून. त्याबद्दल राग येत नाही. वाईट मात्र वाटतं.

---

तारषड्ज

सांजवात, पूर्ण संपली नाही बरं का! सेंट-क्रोआमध्येच १८६५ साली सुरू झालेलं रूज हे नाव आजही याच कामासाठी ओळखलं जातं, तिथे यांत्रिक कलेचं संग्रहालयही आहे. आणि २०२० साली युनेस्कोने स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या ज्युरा भागातली यांत्रिक घड्याळं आणि यांत्रिक कलावस्तू घडवण्याची कारागिरी मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. संगीतपेट्या त्यात येतात. म्हणजे वारसा म्हणून नोंद झाली ती हातांची, पेट्यांची नव्हे. मला ते फार योग्य वाटलं.

आता माझ्या मनातला खरा अवघड प्रश्न, खास दातेरी चक्र यांना. पिना झिजल्या की सगळ्या काढून नव्या बसवतात असं वाचलंय. मग मी सुरुवातीला म्हणाले तो "तोच आवाज" उरतो का?

---

दातेरी चक्र

हा प्रश्न आमच्या कामात रोजचा आहे आणि त्यावर लोक अगदी कळकळीने भांडतात.

पिना बदलायच्या तर आतली राळ वितळवून काढतात, जुन्या पोलादी पिना आम्लात विरघळवतात, पितळ तसंच राहतं. मग त्याच जुन्या भोकांत नव्या पिना. भोकं त्या बाईने नेमलेलीच असतात, त्यामुळे सुरांच्या जागा बहुतांशी टिकतात. पण पिनेचा कल, उंची, हे नव्या हाताचं असतं. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त पिना गेल्याशिवाय हे करू नये. चार-दोन सूर गळाले तरी उरलेली धून खरी असते.

फणीचं वेगळं. मोडलेल्या दाताच्या जागी खाच पाडून नवा दात डाख देऊन बसवता येतो, मग सुरात लावायचा. टोकाकडे घासला तर स्वर चढतो, मुळाकडे घासला तर उतरतो. खालच्या स्वरांच्या दातांखाली शिशाची वजनं असतात, ती दमट हवेत पांढरी पडतात, फुगतात, शेजारच्या दाताला घासतात. ते दुर्लक्षून चालत नाही, कारण रोग पसरतो. डॅम्पर तर बदलावेच लागतात. दातांखाली केसासारखी पोलादी तार असते, काही पेट्यांत वरच्या स्वरांना पिसाचा तुकडा. पुढची पिन लागायच्या आधी ते थरथरता दात शांत करतात. ते गेले की पेटी किंचाळल्यासारखी चिरकते, आणि लोक म्हणतात जुनी आहे म्हणून असा आवाज. जुनी आहे म्हणून नाही, दुखतंय म्हणून.

तोच आवाज उरतो का? फणी तीच असेल तर मी हो म्हणेन. फणी हा गळा आहे. मी फणी पूर्ण बदलायचं काम घेत नाही.

---

गुंजारव

पिनांबाबत मी थोडी वेगळ्या मताची आहे. अर्धी धून गळालेली पेटी ज्याने ती मांडली त्याच्यावर अन्याय करते. त्याने पूर्ण धून ऐकवायची होती. नीट, नोंद ठेवून, जुन्या पिनांचे फोटो काढून केलेलं काम मला अपराध वाटत नाही. हे संगीत आहे, ते ऐकू आलं पाहिजे.

---

कानसेन

दोघांचंही पटतंय. मी तरी निळी शाई यांच्या आत्यांच्या तिसऱ्या धुनेपाशी अडकलोय. तिथे माझी खूण आणि तारषड्जताईंचं पोलाद, दोन्ही एकत्र आहेत. आत्यांना जे आठवत होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण ती धून आपण ऐकली तर आपल्यालाही काहीतरी होईल, आणि ते आत्यांचं नसेल, आपलं असेल. मग खूण एकाची दुसऱ्याला जाते कशी? याचं उत्तर माझ्या रूसोकडे नाही हे कबूल.

---

निळी शाई

कळवायला आले. जाणता माणूस मिळाला. त्यांनी घरी येऊन स्प्रिंग सोडवली, मग पेटी नेली. पंख्याच्या दांड्याला जुनं तेल घट्ट बसलं होतं, तेवढंच. दात सगळे शाबूत आहेत. डॅम्पर काही बदलले, पिनांना हात लावला नाही.

आता सहाही धुना वाजतात. तिसरी मला ओळखता आली नाही, कुणाला येते का पाहायला सगळ्यांची ध्वनिमुद्रणं इथे टाकावी म्हणते. कसं रेकॉर्ड करू?

---

दातेरी चक्र

उत्तम बातमी! भरीव लाकडी टेबलावर ठेवा, खाली कापड किंवा गादी नको. टेबलाचा पृष्ठभाग पेटीबरोबर वाजतो, त्याने खालचे स्वर भरून येतात. बाहेरचं झाकण उघडं ठेवा, काचेचंही. चावी आधी पूर्ण देऊन घ्या, धून चालू असताना देऊ नका. सहाही धुना सलग घ्या, म्हणजे एकीतून दुसरीत जाताना नळकांडं सरकण्याचा आवाज येईल आणि क्रम चुकणार नाही. पंख्याची घरघर ऐकू येईल, ती नंतर गाळू नका.

आणि धुनांच्या यादीचा फोटो टाका, तिरप्या उजेडात काढलेला. शिवाय तळपाटावर किंवा नळकांड्याच्या टोकाला कोरलेले आकडे असतील, तेही पाठवा. एकाच कारखान्याने तोच धुनांचा संच बऱ्याचदा एकाहून जास्त पेट्यांवर बसवलेला असतो. तुमच्या पेटीची जोडीदार कुठे सापडली आणि तिची यादी चांगली राहिली असेल, तर तिसरी ओळ तिच्यावरून वाचता येईल. अर्थात, तुम्हाला ती वाचायची असेल तरच.

---

निळी शाई

वाचायची आहे. उद्या सकाळी उन्हं आत आली की फोटो काढते.